'प्रायमरी'ला 'प्राथमिक निवडणूक' म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे : "अमेरिकेच्या बातम्यांत 'प्राथमिक निवडणूक' आणि 'नोंदणीकृत डेमोक्रॅट' हे शब्द वाचले की गोंधळ उडतो. प्राथमिक म्हणजे पहिली फेरी का? मग तिच्यात एकाच पक्षाचे लोक आपसात का लढतात? नोंदणीकृत डेमोक्रॅट म्हणजे पक्षाचा सदस्य समजायचा का? मराठीत नेमकं काय लिहावं?"

माझं मत आधीच सांगून टाकतो. 'प्रायमरी' हाच शब्द ठेवावा आणि मजकुरात पहिल्यांदा येईल तिथे 'पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक' एवढं जोडावं. 'प्राथमिक निवडणूक' शब्दशः चूक नाही, पण मराठी वाचणाऱ्याला ती भलतीकडे नेते.

आपल्याकडे प्राथमिक काय काय असतं? शाळा, आरोग्य केंद्र, अंदाज, चौकशी, एकांकिका स्पर्धेची फेरी. सगळीकडे छटा एकच : सुरुवातीचं, अजून खरं काम पुढे व्हायचं आहे असं. राजकारणाच्या बातम्यांत हा शब्द हमखास भेटतो तो 'पक्षाच्या प्राथमिक सदस्यत्वाचा राजीनामा' या ठरलेल्या वाक्यात. साहजिकच 'प्राथमिक निवडणूक' वाचली की एक तर ती किरकोळ फेरी वाटते, नाही तर पक्षाच्या सदस्यांचा घरगुती मामला वाटतो. अमेरिकेतली प्रायमरी या दोन्हींपैकी काहीच नाही.

आपल्याकडे तिकीट पक्ष देतो. मुलाखती होतात, याद्या दिल्लीला जातात, शेवटच्या रात्रीपर्यंत एबी फॉर्म कुणाच्या हातात पडणार याची घालमेल चालते आणि ज्याचं तिकीट कापलं जातं तो बंडखोरी करतो. मतदाराचा या सगळ्याशी संबंध नसतो. तिकडे हा निर्णयच मतदाराकडे आहे. प्रायमरी बहुतेक ठिकाणी सरकारी यंत्रणा घेते, नेहमीच्या मतदान केंद्रांवर, सरकारने छापलेल्या मतपत्रिकेवर. एखाद्या माणसाला पक्षाचे पुढारी तोंडदेखलंही विचारत नसले, तरी प्रायमरीत तो पहिला आला की बहुतेक राज्यांत पक्षाचा उमेदवार तोच.

हे आपोआप झालेलं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पक्षाचे दादा लोक बंद खोलीत उमेदवार ठरवत, त्याविरुद्ध चळवळ झाली. विस्कॉन्सिनमध्ये गव्हर्नर (राज्याचे निवडून आलेले प्रमुख) रॉबर्ट ला फॉलेट यांनी नेट लावला आणि १९०४ मध्ये तिथल्या मतदारांनी थेट प्रायमरीच्या कायद्याला कौल दिला. राष्ट्राध्यक्षपदापुरती मात्र पुढाऱ्यांची पकड बराच काळ राहिली. १९६८ मध्ये ह्यूबर्ट हम्फ्री एकही प्रायमरी न लढवता डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार झाले, पक्षाच्या शिकागोच्या अधिवेशनाबाहेर पोलीस आणि निदर्शकांच्या चकमकीत रस्त्यावर रक्त सांडलं, आणि त्यानंतर उमेदवार ठरवण्याचे नियम बदलले ते १९७२ पासून लागू झाले.

आता 'नोंदणीकृत'. मतदार यादीत नाव घालताना अनेक राज्यांत अर्जावर पक्षाचा रकाना असतो. तिथे 'डेमोक्रॅट' लिहिलं की झालात तुम्ही नोंदणीकृत डेमोक्रॅट. वर्गणी नाही, शपथ नाही, पक्षाची मंजुरी नाही, आणि पक्ष तुम्हाला सहसा काढूनही टाकू शकत नाही. नोंद राहते ती सरकारच्या दप्तरी. म्हणून 'पक्षाचा सदस्य' हे भाषांतर मला मुळीच मान्य नाही. 'डेमोक्रॅट म्हणून नोंद असलेला मतदार' असं लांबलचक लिहावं लागलं तरी लिहावं.

या नोंदीचा उपयोग प्रायमरीपुरता. न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया, फ्लोरिडा इथे ज्या पक्षाची नोंद, त्याच पक्षाच्या प्रायमरीत मत देता येतं, आणि पक्ष बदलायला मुदत असते. २०१६ मध्ये खुद्द डोनाल्ड ट्रम्प यांची मुलं इव्हांका आणि एरिक यांना न्यूयॉर्कच्या रिपब्लिकन प्रायमरीत वडिलांना मत देता आलं नाही, कारण त्यांनी मुदतीत पक्षाची नोंद बदलली नव्हती. उलट टेक्सास, विस्कॉन्सिन, मिशिगन या राज्यांत यादीत पक्षाचा रकानाच नसतो, त्यामुळे तिथल्या मतदाराला 'नोंदणीकृत रिपब्लिकन' म्हणणं बातमीतली चूकच ठरते.

मिशिगनचं उदाहरण मराठी वाचकाला जवळचं वाटेल. तिथल्या ऑगस्टच्या प्रायमरीत मतपत्रिका एकच असते, तिच्यावर दोन्ही पक्षांचे स्तंभ शेजारी शेजारी छापलेले. मतदाराने एकच स्तंभ धरायचा. एका पदाला इकडे आणि दुसऱ्या पदाला तिकडे खूण केली की पक्षीय भागातली त्याची सगळी मतं बाद. कोणता स्तंभ धरला हे कुणी विचारत नाही. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०१८ मध्ये याच राज्यात गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक प्रायमरीत उतरले आणि तिघांत तिसरे आले. २०२२ मध्ये डेट्रॉइटच्या तेराव्या मतदारसंघात अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, जागेसाठी नऊ जणांच्या प्रायमरीत सुमारे २८ टक्के मतं घेऊन ते पहिले आले. नोव्हेंबरच्या, म्हणजे पक्षापक्षांतल्या अंतिम निवडणुकीत त्यांना ७० टक्क्यांहून जास्त मतं पडली. आता यातली 'प्राथमिक' कोणती आणि खरी कोणती? ज्या मतदारसंघात एका पक्षाचं पारडं इतकं जड असतं, तिथे निकाल ऑगस्टमध्येच लागलेला असतो.

ही गोष्ट सर्वांत कठोरपणे कळली ती टेक्सासच्या कृष्णवर्णीय नागरिकांना. त्या काळी दक्षिणेत डेमोक्रॅटिक पक्षाशिवाय कुणी निवडून येत नसे. १९२३ मध्ये टेक्सासने कायदाच केला की डेमोक्रॅटिक प्रायमरीत कृष्णवर्णीयांना मत नाही. नोव्हेंबरात हवं तर द्या. न्यायालयाने तो कायदा १९२७ मध्ये रद्द केला, तेव्हा तीच बंदी पक्षाने स्वतःच्या ठरावाने घातली. युक्तिवाद असा की पक्ष ही खाजगी संघटना आहे, उमेदवार निवडणं हा आमच्या घरातला कारभार आहे. १९३५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मान्यसुद्धा केला! शेवटी ह्यूस्टनचे दंतवैद्य लॉनी स्मिथ यांचा खटला वकील थर्गुड मार्शल यांनी चालवला आणि १९४४ मध्ये न्यायालयाने आपलाच निर्णय फिरवला : प्रायमरी हा निवडणुकीचाच भाग आहे, तिथे वर्णावरून मताधिकार नाकारता येणार नाही. 'पक्षांतर्गत निवडणूक' हा पर्याय काही जण सुचवतात. तो मला नको वाटतो तो या इतिहासामुळे. 'अंतर्गत' म्हणण्याच्या आडून एका समाजाचं मत वर्षानुवर्षं हिरावून घेतलं गेलं.

नोव्हेंबरचा निकाल इतका आधी का ठरतो, तर पक्षाशी असलेल्या नात्यामुळे. अभ्यासकांची यासाठी 'पार्टी आयडेंटिफिकेशन' ही जी संज्ञा आहे तिला मराठीत 'पक्षनिष्ठा' म्हणतात, पण निष्ठा आपण कार्यकर्त्याकडून अपेक्षितो. निष्ठावंताला डावललं, असं म्हणतो. मतदाराची ती भावना वेगळी. मिशिगन विद्यापीठाच्या अँगस कॅम्पबेल, फिलिप कॉन्व्हर्स, वॉरन मिलर आणि डोनाल्ड स्टोक्स यांनी १९६० मध्ये मांडलेल्या अभ्यासात प्रश्न कुणाला मत देता हा नव्हता. सर्वसाधारणपणे तुम्ही स्वतःला रिपब्लिकन समजता, डेमोक्रॅट समजता की कुठलेच नाही, असा तो होता. त्यांना आढळलं की हे नातं बहुधा घरातून, आईवडिलांकडून येतं आणि सहसा आयुष्यभर टिकतं. आणि धोरणं, उमेदवार, बातम्या या सगळ्याकडे माणूस त्याच नजरेने बघतो. आपल्याकडे अलिबाग-पेणकडची माणसं 'आमचं घर शेकापचं' म्हणतात किंवा कुणी 'आम्ही पहिल्यापासून काँग्रेसवाले' म्हणतं, त्यात हेच सगळं आलं. 'पक्षओळख' असा शब्द हल्ली वाचनात येतो, पण त्यातून पक्षाशी नुसती तोंडओळख आहे असं वाटतं. मी 'पक्षीय आपलेपणा' म्हणेन. शब्द जरा मऊ आहे, पण माणूस पक्षाला 'आपला' म्हणतो हे त्यात येतं.

या आपलेपणाचं बळ किती? २०१६ मध्ये सिनेटच्या (काँग्रेसच्या वरच्या सभागृहाच्या) ज्या ज्या जागांसाठी मतदान झालं, त्या प्रत्येक राज्यात जो पक्ष राष्ट्राध्यक्षपदाला जिंकला त्याच पक्षाचा सिनेटर निवडून आला. २०२० मध्ये अपवाद एकच, मेन राज्यातल्या रिपब्लिकन सुझन कॉलिन्स. २०२४ मध्ये मात्र मिशिगन, विस्कॉन्सिन, नेव्हाडा आणि अॅरिझोना या चार राज्यांनी ट्रम्प यांना निवडून सिनेटवर डेमोक्रॅट पाठवले, म्हणजे दोन पदांना दोन वेगळे पक्ष निवडण्याची सवय अगदीच गेलेली नाही.

तरीही बहुसंख्य खासदारांना भीती असते ती नोव्हेंबरची नसून प्रायमरीची. न्यूयॉर्कच्या चौदाव्या मतदारसंघात २०१८ मध्ये जोसेफ क्राउली हे डेमोक्रॅटिक पक्षातलं बडं प्रस्थ प्रायमरीतच हरलं, अलेक्झांड्रिया ओकाझिओ-कॉर्टेझ यांच्याकडून. वस्ती सात लाखांच्या घरात, मतं पडली जेमतेम तीस हजार. वायोमिंगच्या रिपब्लिकन खासदार लिझ चेनी २०२२ मध्ये अशाच प्रायमरीत हरल्या. तिकडच्या बोलण्यात आता 'प्रायमरी' क्रियापद झालं आहे. आपल्याच पक्षाच्या खासदारासमोर प्रायमरीत कुणी उभा केला की त्याला 'प्रायमरी केलं' म्हणतात. मराठीत मी 'प्रायमरीत आव्हान दिलं' असंच लिहीन, 'बंडखोरी' नाही. आपला बंडखोर तिकीट मिळालं नाही म्हणून पक्षाबाहेर पडून उभा राहतो, हा पक्षात राहून तिकिटासाठीच लढतो.

राहिला 'अपक्ष'. स्वतःला कुठल्याच पक्षाचे न मानणारे अमेरिकेत ४० टक्क्यांच्या आसपास भरतात आणि बातम्या त्यांना 'अपक्ष मतदार' म्हणतात. आपल्याकडे अपक्ष असतो उमेदवार, मतदार नव्हे. शिवाय यांतल्या बहुतेकांना 'त्यातल्या त्यात कोणता पक्ष जवळचा?' विचारलं की ते एकाचं नाव घेतात आणि मतही बहुधा त्यालाच देतात. म्हणून 'कुठल्याही पक्षाचं नाव न लावणारे मतदार' म्हणणं बरं. कॅलिफोर्नियात तर या एका शब्दाने घोटाळा होतो. तिथे 'अमेरिकन इंडिपेंडंट' नावाचा पक्षच आहे, १९६८ मध्ये वर्णविभाजनवादी जॉर्ज वॉलेस यांना ज्याने उभं केलं तो. आपण कुठल्याच पक्षाचे नाही असं सांगायचं म्हणून बरेच लोक अर्जावर त्याच नावापुढे खूण करतात आणि नकळत त्या पक्षाच्या यादीत जाऊन बसतात. खरा पर्याय खाली वेगळा छापलेला असतो : 'पक्षाची पसंती नाही'.