वाचकांचे प्रश्न : आरोग्य योजनेचे कार्ड आणि त्याचे नूतनीकरण

प्रश्न : आमच्याकडे केशरी शिधापत्रिका आहे आणि २०१५ साली मिळालेले ‘जीवनदायी’चे कार्डही आहे. शिधापत्रिका वडिलांच्या नावावर होती. ते गेल्या वर्षी वारले. आई चार घरी स्वयंपाकाची कामे करते आणि डॉक्टरांनी तिला हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया सांगितली आहे. वस्तीत येणारा एक माणूस म्हणतो की जुने कार्ड बाद झाले असून पाचशे रुपये दिल्यास तो नूतनीकरण करून देईल. काय करावे?
(एक वाचक, नंदनवन)

उत्तर : त्या माणसाला एक रुपयाही देऊ नका. या योजनेत लाभार्थ्याने भरायचा हप्ता नाही आणि नूतनीकरणाचे शुल्कही नाही. हे इतके स्पष्ट असूनही दरवर्षी कुणीतरी गरीब घरांच्या भीतीवर पैसे कमावतो, याची चीड येते.

राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत विदर्भातील गडचिरोली आणि अमरावती होते, नागपूर नव्हते. आपल्याकडे ती नोव्हेंबर २०१३ मध्ये, उरलेल्या राज्याबरोबर आली. २०१७ साली तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे नाव मिळाले आणि २०२० पासून ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेबरोबर एकत्रितपणे राबवली जाते. पूर्वी राज्याच्या योजनेत कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचे संरक्षण होते. जुलै २०२४ पासून ते पाच लाख झाले, १३५६ उपचार त्यात आले आणि पिवळ्या, केशरी कार्डांबरोबर शुभ्र शिधापत्रिकाधारकांनाही ते लागू झाले. म्हणजे तुमचे जुने कार्ड हरवले किंवा फाटले, तरी तुमचा हक्क जात नाही. पाच लाखांची मर्यादा संपूर्ण कुटुंबाची मिळून असते आणि नव्या विमा वर्षात ती आपोआप पुन्हा पूर्ण होते. न वापरलेली रक्कम मात्र पुढच्या वर्षात जमा होत नाही.

मग अडते कुठे? अडते शिधापत्रिकेत. योजनेची सारी भिस्त तिच्यावर आहे आणि माझ्या मते गरीब कुटुंबाने जे नूतनीकरण खरोखर मनावर घ्यायला हवे, ते हेच. तुमच्या पत्रिकेवर अजून वडिलांचे नाव कुटुंबप्रमुख म्हणून असेल, तर महानगरपालिकेच्या झोन कार्यालयातून मृत्यू प्रमाणपत्र घ्या आणि अन्नधान्य वितरण अधिकाऱ्यांच्या परिमंडळ कार्यालयात नाव कमी करण्याचा व आईला कुटुंबप्रमुख करण्याचा अर्ज द्या. अन्नसुरक्षा कायद्यानुसार घरातील अठरा वर्षांवरील सर्वांत ज्येष्ठ स्त्री हीच शिधापत्रिकेसाठी कुटुंबप्रमुख मानली जाते, त्यामुळे यात संकोचाचे काही कारण नाही. अर्जाची पोचपावती अवश्य मागून घ्या. आईचे नाव, वय आणि आडनाव आधारवर आणि शिधापत्रिकेवर एकसारखे आहे का, हेही त्याच वेळी पाहा. माहेरचे नाव एका कागदावर आणि सासरचे दुसऱ्यावर, अशी स्थिती आपल्याकडे घरोघरी आढळते आणि दाखल होण्याच्या दिवशी तीच आडवी येते. सर्व सदस्यांचे ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळखीची पडताळणी, रेशन दुकानातील यंत्रावर विनामूल्य होते.

आईच्या शस्त्रक्रियेसाठी मात्र ही सारी दुरुस्ती पूर्ण होईपर्यंत थांबू नका, कारण तिचे नाव सध्याच्या पत्रिकेवर सदस्य म्हणून आहेच. योजनेत समाविष्ट असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या कामात रुग्णांना मदत करणाऱ्या तेथील माणसाला, भेटा. मेडिकलच्या (नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) परिसरातील सुपर स्पेशालिटी रुग्णालयात हृदयरोगावरील उपचार होतात. तेथे शिधापत्रिका, आधार आणि आतापर्यंतचे तपासणी अहवाल घेऊन जा. नोंदणी झाल्यावर रुग्णालय ऑनलाइन पूर्वपरवानगी मागते आणि ती मिळाल्यावर उपचार सुरू होतात. आजार जुना आहे म्हणून नकार देता येत नाही, कारण आधीपासून असलेले आजारही यात पहिल्या दिवसापासून समाविष्ट आहेत. आयुष्मान कार्ड आरोग्यमित्राकडे, आपले सरकार सेवा केंद्रात किंवा मोबाइलवरील ‘आयुष्मान’ अॅपमधून काढता येते.

प्रश्न : मी बुटीबोरीच्या एका कारखान्यात दोन वर्षे कंत्राटी कामगार होतो आणि पगारातून ईएसआयचे (कर्मचारी राज्य विम्याचे) पैसे कापले जात होते. ऑगस्टअखेर कंत्राट संपले. पत्नीवर सोमवारीपेठेतील कामगार विमा रुग्णालयातून उपचार चालू आहेत. नोकरी गेली म्हणजे विमाही गेला का?
(एक वाचक, हिंगणा रोड)

उत्तर : लगेच जात नाही, आणि हे कामगारांना कुणी नीट सांगत नाही. या विम्यात अंशदानाचा (विम्याचे पैसे भरण्याचा) काळ आणि लाभाचा काळ वेगवेगळे असतात. एप्रिल ते सप्टेंबर या सहामाहीतील अंशदानावर पुढील जानेवारी ते जून या काळातील लाभ मिळतो, तर ऑक्टोबर ते मार्चमधील अंशदानावर जुलै ते डिसेंबरमधील. तुम्ही दोन वर्षे सलग कामावर होता, म्हणून या वर्षाची डिसेंबरपर्यंतची सोय मागील सहामाहीच्या अंशदानावर आहे. एप्रिल ते ऑगस्टमध्ये तुमचे किमान ७८ दिवसांचे अंशदान भरले गेले असेल, तर पुढील जूनअखेरपर्यंत तुम्हाला आणि पत्नीला वैद्यकीय उपचार मिळायला हवेत.

मात्र ‘कापले गेले’ आणि ‘भरले गेले’ यांत फरक आहे. कामगाराच्या वेतनातून ०.७५ टक्के कापायचे आणि मालकाने स्वतःचे ३.२५ टक्के घालून सारी रक्कम कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडे भरायची, असा नियम आहे. आपला विमा क्रमांक वापरून महामंडळाच्या संकेतस्थळावर महिनावार अंशदान तपासा. एखादा महिना कोरा दिसला, तर वेतनपावत्या जोडून शाखा कार्यालयात लेखी तक्रार करा. कंत्राटदाराने पैसे बुडवले असतील, तर मूळ मालकाची जबाबदारी संपत नाही, हे त्या अर्जात लिहा. पुढचे काम जूनपर्यंत मिळाले नाही, तर शिधापत्रिकेवरील योजनेकडे वळावे लागेल. त्यासाठी शिधापत्रिका आतापासूनच वर सांगितल्याप्रमाणे तपासून ठेवा आणि गावच्या पत्रिकेत अडकलेली नावे नागपूरच्या पत्रिकेत आणायची असतील, तर त्याचा अर्ज याच महिन्यात द्या.

प्रश्न : आजी ७४ वर्षांची आहे. आयुष्यभर विड्या वळल्याने तिच्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटतच नाहीत. ई-केवायसी झाले नाही, तर तिचे संरक्षण बंद होईल का?
(एक वाचक, कामठी)

उत्तर : ठसे उमटत नाहीत हा आजीचा दोष नाही आणि त्यासाठी तिला परत पाठवणे अन्यायाचे आहे. चेहऱ्यावरून पडताळणी करण्याची सोय उपलब्ध आहे. शिधापत्रिकेसाठी ‘मेरा ई-केवायसी’ अॅप आणि त्याच्या जोडीला ‘आधार फेस आरडी’ हे अॅप मोबाइलवर घेऊन घरच्या घरी, चांगल्या उजेडात हे करता येते. आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक बंद पडलेला असेल, तर तो आधी आधार केंद्रात बदलून घ्या, नाहीतर पुढे सगळे अडते.

शिवाय आजीसाठी आणखी एक कार्ड काढावे, असे मी आग्रहाने सांगेन. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस केंद्र सरकारने ७० वर्षे आणि त्यापुढील सर्व नागरिकांसाठी, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड सुरू केले. आधीच आयुष्मान भारत योजनेत असलेल्या कुटुंबातील ज्येष्ठांना यामुळे वर्षाला पाच लाखांपर्यंतचे स्वतंत्र संरक्षण मिळते, जे घरातील तरुण सदस्यांच्या उपचारांत वाटले जात नाही. वय आधारवरून धरले जाते. तेथे जन्मवर्ष चुकीचे लागले असेल, तर ते आधी दुरुस्त करावे लागेल.

प्रश्न : कार्ड असूनही रुग्णालयाने अनामत रक्कम मागितली तर?
(एक वाचक, जरीपटका)

उत्तर : प्रथम उपचार योजनेत बसतो का, हे आरोग्यमित्राकडून लेखी घ्या. बाह्यरुग्ण विभागातील तपासणी आणि औषधे यात येत नाहीत, आणि काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत. अशा वेळी मेयो (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) किंवा मेडिकल हाच मार्ग. उपचार योजनेत बसत असेल, तर दाखल असतानाच्या तपासण्या, औषधे, शस्त्रक्रिया आणि रुग्णाचे जेवण यांसाठी पैसे मागता येत नाहीत. तरीही मागितले, तर १५५३८८ किंवा १८००२३३२२०० या विनामूल्य क्रमांकावर तेथूनच तक्रार नोंदवा, तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा आणि नाइलाजाने पैसे भरावे लागलेच, तर पक्की पावती घेतल्याशिवाय भरू नका, कारण पावती नसेल तर परताव्याची मागणी पुढे टिकत नाही.