नवी मुंबई वसवणारी सिडको कंपनी आहे, मग तिच्या जमिनीवरचा फ्लॅट विकायला तिची परवानगी का लागते? तिला माहिती अधिकार लागू होतो का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी: होतो. कंपनी म्हणजे खासगी, हा समज काढून टाका. ५१ टक्के किंवा त्याहून जास्त भांडवल सरकारचं असलं की ती सरकारी कंपनी, आणि सिडकोचं सगळं भांडवल राज्य सरकारचं आहे. १९७० मध्ये ती कंपनी कायद्याखाली नोंदवली गेली. १९७१ मध्ये प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याखाली नवी मुंबईचं नवनगर विकास प्राधिकरण म्हणून तिची नेमणूक झाली. खरी ताकद या नेमणुकीत आहे.

सिडकोचा लेखापरीक्षक कॅग, म्हणजे देशाचा महालेखापरीक्षक, नेमतो, वार्षिक अहवाल विधिमंडळापुढे जातो, व्यवस्थापकीय संचालक आयएएस असतो. नगररचना कायद्याखाली सरकारचे निर्देश तिला पाळावेच लागतात. मनमानी निर्णयाविरुद्ध उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. पण म्हणून एका फ्लॅटची फाइल घेऊन मंत्रालयाचे उंबरे झिजवू नका. तिथून अर्ज बेलापूरच्या सिडको कार्यालयातच परत येतो.

आता परवानगी. आमच्या सोसायटीतले काही जण मला वर्षानुवर्षं सांगतात, 'आम्ही महापालिकेला घरपट्टी भरतो, सिडको कोण?' घरपट्टी भरल्याने जमीन आपली होत नाही. महापालिका बांधकाम परवानगी देते, पाणी देते. खालची जमीन सिडकोने भाडेपट्ट्याने दिलेली, बहुतेक ठिकाणी ६० वर्षांच्या. पट्ट्यातच अट असते की हस्तांतरणाआधी परवानगी घ्यायची आणि शुल्क भरायचं. ही अट काहींना जाचक वाटते, पण सही करून घेतलेली आहे.

गाडी अडते ती इथे: मूळ वाटपधारकाने (ज्याला सिडकोने पहिल्यांदा घर दिलं) रीतसर हस्तांतरण न करता नुसत्या मुखत्यारपत्रावर, म्हणजे 'पॉवर ऑफ अॅटर्नी'वर, विकलं, पुढच्याने पुन्हा तसंच. सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर तुमचं नाव आणि सिडकोच्या नोंदीत अजून पहिला माणूस. मुखत्यारपत्राने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केलंय. मग पहिल्या माणसाला, तो हयात नसेल तर त्याच्या वारसांना, शोधत बसावं लागतं. म्हणून टोकन (इसार) घेण्याआधी सिडकोच्या इस्टेट विभागात नोंद कोणाच्या नावावर आहे ते बघा. थकबाकी असेल तर तीही आधी भरा. बँकेचं कर्ज असेल तर गहाणाचा बोजा उतरल्याचं पत्र जोडा. सोसायटीचा ना-हरकत दाखला, सिडकोची परवानगी, मग करारनोंदणी, शेवटी सिडकोच्या नोंदीत नवं नाव. हा क्रम उलटवून आधी नोंदणी उरकणारे नंतर पस्तावतात.

फाइल अडली तर सिडकोच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे १० रुपये शुल्क भरून अर्ज टाका. 'उशीर का?' असं विचारू नका; त्यावर उत्तर देणं टाळता येतं. फाइलवरच्या टिपण्यांच्या प्रती आणि ती आज कोणाच्या टेबलावर आहे ते मागा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर प्रथम अपील.

हे सगळं सिडकोच्या भाडेपट्ट्याच्या जमिनीपुरतं. गावठाणातलं घर असेल तर यातलं बरंचसं लागू नाही, आणि साडेबारा टक्क्यांच्या भूखंडाला (संपादित जमिनीच्या बदल्यात मूळ गावकऱ्यांना मिळालेला) त्रिपक्षीय कराराची भानगड आहे, त्यासाठी वेगळा प्रश्न टाका.