टाकीत टीसीएल पडतं, तरी शेवटच्या नळाला रंग का येत नाही?

वाचकांचे प्रश्न : पिण्याचं पाणी

यावेळच्या बहुतेक पत्रांत एकच घोटाळा दिसतो. जंतूंवरचा उपाय क्षारांवर केला जातो आणि क्षारांवरचा जंतूंवर. पाण्यात नेमकं काय आहे ते कळल्याशिवाय उकळू नका, यंत्रही घेऊ नका.

आमच्या गावात ५० हजार लिटरची उंच टाकी आहे. जलसुरक्षक रोज टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकतो, पण वरच्या आळीत ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरला आहे का ते रंगावरून दाखवणारी ऑर्थोटोलिडीन चाचणी) केली की पाण्याला रंगच येत नाही. पावसाळ्यानंतरच्या सर्वेक्षणात पिवळं कार्ड मिळालं. चूक कुठे होते आहे?
— ग्रामपंचायत सदस्य, भोर तालुका

एकाच सकाळी तीन ठिकाणी ओटी करा: टाकीजवळच्या पहिल्या नळावर, गावाच्या मध्यावर आणि शेवटच्या घरी. रंग कुठे हरवतो यावरून चूक कुठली ते कळतं.

पहिल्याच नळाला रंग नसेल, तर दोष पावडरीत किंवा ती टाकण्याच्या पद्धतीत आहे. चांगल्या टीसीएलमध्ये साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो. पोतं उघडं राहिलं, ओल लागली किंवा ते पत्र्याच्या खोलीत उन्हाळाभर पडून राहिलं, की क्लोरीन उडून जातो आणि मागे नुसता चुना उरतो. गुठळ्या झालेली, नाकाला न झोंबणारी पावडर टाकणं म्हणजे पाण्यात चुना कालवणं. क्लोरीन २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर वापरूच नये. तिचा नमुना जिल्ह्याच्या आरोग्य प्रयोगशाळेत तपासून मिळतो. मोठं पोतं एकदम घेण्यापेक्षा थोडं थोडं घ्यावं आणि झाकणाच्या प्लास्टिक ड्रममध्ये, जमिनीपासून वर, अंधारात ठेवावं.

प्रमाण १००० लिटरला ५ ग्रॅम. तुमच्या टाकीला २५० ग्रॅम लागतील. टाकी अर्धीच भरली असेल तर तेवढ्याच पाण्याचा हिशोब करा. पावडर कोरडी भिरकावू नये. प्लास्टिकच्या बादलीत १०० ग्रॅमपेक्षा जास्त न घेता आधी थोड्या पाण्यात तिची पेस्ट करा, मग बादली पाऊण भरेपर्यंत पाणी घालून ढवळा आणि पाच-दहा मिनिटं तशीच ठेवा. चुना तळाशी बसतो. वरचं निवळलेलं पाणी दुसऱ्या बादलीत काढून तेवढंच टाकीत ओता. तळाचा चुना टाकीत गेला तर पाण्याचा जडपणा वाढतो आणि गाळही साठतो. टाकी भरत असतानाच द्रावण ओतलं तर पाण्याच्या धारेने ते आपोआप मिसळतं.

यानंतर किमान अर्धा तास पाणी सोडायचं नाही. बऱ्याच गावांत नेमकं इथेच बिघडतं. पावडर पडते आणि पाचव्या मिनिटाला चावी फिरते. जंतू मरायला वेळच मिळत नाही.

पहिल्या नळाला रंग छान येतो आणि वरच्या आळीत नाही, असं असेल तर क्लोरीन वाटेत खर्च होतो आहे. टाकीच्या तळाचा गाळ आणि भिंतीवरचं शेवाळ क्लोरीन खातात, म्हणून टाकी दर तीन महिन्यांनी धुवा आणि तारीख टाकीवर रंगवा. त्याहून गंभीर कारण गळतीचं. आपल्याकडे पाणी दिवसातून तास-दोन तास येतं. पाणी बंद झालं की पाइप रिकामा होताना आत ओढ निर्माण होते आणि फुटक्या सांध्यातून गटाराचं पाणी आत शिरतं. कोणी नळाला टिल्लू पंप लावला असेल, तर ही ओढ पाणी चालू असतानाही होते. दुसऱ्या दिवशी पहिल्या धारेला वास, गढूळपणा आणि शून्य क्लोरीन दिसलं तर हेच समजा. गटारातून किंवा गटाराला चिकटून गेलेली घरगुती जोडणी, गंजलेली जीआय (लोखंडी) पाइप, व्हॉल्व्हच्या खड्ड्यात साचलेलं पाणी, ही तीन ठिकाणं आधी पाहा. व्हॉल्व्हचा खड्डा कोरडा ठेवणं हे फुकटचं काम आहे, आणि नेमकं तेच राहून जातं.

शेवटच्या नळाला लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन हवा. म्हणजे ओटीत फिकट लिंबासारखा पिवळा रंग. नळीमागे पांढरा कागद धरून दहा सेकंदांच्या आत रंग तक्त्याशी जुळवा. उशिरा आलेला पिवळेपणा लोहामुळे किंवा नायट्राइटमुळेही असू शकतो. ओटीचं द्रावण विषारी आहे. ते हाताला लागू देऊ नका आणि तपासलेलं पाणी फेकून द्या. मिळाल्यास गुलाबी रंगाची डीपीडी चाचणी वापरा, ती अधिक खात्रीची.

राहिला कार्डाचा प्रश्न. लाल, पिवळं, हिरवं कार्ड हा प्रयोगशाळेचा अहवाल नाही. उद्भव (विहीर, बोअर असा पाण्याचा स्रोत) आणि त्याचा परिसर, गळती, टीसीएलचा साठा असं सारं पाहून वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, जोखीम ठरवली जाते. पिवळं म्हणजे मध्यम जोखीम. सर्वेक्षणाच्या अर्जावर ‘होय’ (म्हणजे धोका आहे) आलेल्या बाबींची नक्कल मागून घ्या. कामांची यादी तीच.

विहिरीत टीसीएल किती टाकायचं, ते कसं मोजायचं?
— एक वाचक, जुन्नर तालुका

विहिरीचा व्यास मीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, त्याला पाण्याच्या उंचीने आणि ३.१४ ने गुणा, मग ४ ने भागा. येतील तेवढे घनमीटर पाणी. व्यास ५ मीटर आणि पाणी ४ मीटर असेल, तर साडेअठ्ठ्याहत्तर घनमीटर, म्हणजे ७८,५०० लिटर. १००० लिटरला ५ ग्रॅम धरून सुमारे ३९० ग्रॅम टीसीएल, म्हणजे चार बादल्या. निवळलेल्या द्रावणाची बादली दोराने पाण्याच्या आत सोडून वर-खाली, आडवी-तिडवी हलवा. नुसतं वरून ओतलं तर क्लोरीन वरच्या थरातच राहतो. हे रात्री करा, म्हणजे सकाळी पाणी भरायच्या आत पुरेसा वेळ मिळतो. विहीर गढूळ असताना टीसीएल वाया जातं. आधी गाळ बसू द्या.

मूल तीन महिन्यांचं आहे. बोअरच्या पाण्याच्या अहवालात नायट्रेट ७० आलं. आम्ही पाणी वीस मिनिटं उकळून वरच्या दुधासाठी वापरतो. चालेल ना?
— एक आई, वाळवा तालुका

नाही ताई, आजपासून थांबवा. नायट्रेट हा विरघळलेला क्षार आहे. उकळल्याने तो उडत नाही, उलट पाणी आटून वाढतो. एक लिटरचं पाऊण लिटर झालं की ७० चे ९३ होतात. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅमची आहे, आणि दुसरा उद्भव नाही म्हणूनही तिच्यात सूट नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद नायट्रेटमुळे कमी होते. ओठ आणि नखं निळसर दिसली तर वेळ न घालवता दवाखाना गाठा. आईचं दूध सुरू असेल तर सहा महिने बाळाला वरचं पाणी लागतच नाही. वरचं दूध द्यावंच लागत असेल, तर नायट्रेट तपासलेलं दुसरं पाणी किंवा चालू स्थितीतल्या आरओचं पाणी वापरा. तेही एकदा तपासून घ्या, आणि बाळासाठी एक-दोन मिनिटं खळखळून उकळा. ती उकळी जंतूंसाठी.

अहवालात ‘नायट्रेट’ लिहिलंय की ‘नायट्रेट-नायट्रोजन’, तेही पाहा. दुसरं असेल तर आकड्याला ४.४३ ने गुणावं लागतं. तिथे १० म्हणजे नायट्रेटचे सुमारे ४४.

ऊसपट्ट्यात एकदम पडणारा युरिया आणि पाटपाणी यांनी नायट्रेट खाली झिरपतं, पण एकाच बोअरला जास्त असेल तर आधी आजूबाजूला बघा: उकिरडा, गोठा, शोषखड्डा. ही अंतरं किमान १५ मीटर हवीत. बोअरचा केसिंग पाइप मुरमातच संपला असेल तर वरचं पाणी थेट आत उतरतं. तोंडाभोवती काँक्रीटचा उतरता ओटा करून घ्या.

मुलाच्या दातांवर तपकिरी पट्टे आले आहेत. गावच्या हातपंपाला फ्लोराइड आहे म्हणतात. पाणी गाळून, उकळून पितो.
— एक वाचक, केळापूर तालुका

यवतमाळ, चंद्रपूर आणि नांदेडचा किनवट भाग यांत खडकातूनच फ्लोराइड पाण्यात उतरतं. गाळून किंवा उकळून ते जात नाही. मर्यादा १ मिलिग्रॅमची, दुसरा स्रोतच नसेल तर १.५. दातांवरचे पट्टे लहानपणी, दात घडत असताना पडतात आणि नंतर पुसले जात नाहीत. म्हणून पाणी बदलायचं ते सर्वांत आधी आठ वर्षांखालच्या मुलांचं. जास्त फ्लोराइड वर्षानुवर्षं पोटात गेलं की सांधे आखडतात, पाठ वाकते. तिथून मागे फिरणं नाही.

खोल बोअरपेक्षा उथळ विहिरीत फ्लोराइड बहुतेकदा कमी सापडतं. गावात जुनी बुजलेली विहीर असेल तर तिचं पाणी आधी तपासा. तिचा गाळ काढणं यंत्रापेक्षा स्वस्त पडेल. पावसाचं पाणी साठवलंत तर त्यात फ्लोराइड जवळपास नसतंच. नागपूरच्या नीरीने तुरटी आणि चुन्याची ‘नालगोंडा पद्धत’ दिली आहे, पण तिचं प्रमाण पाण्याच्या क्षारतेवर (अल्कलिनिटीवर) ठरतं, अंदाजाने करू नये. फ्लोराइड शोषणाऱ्या अॅक्टिव्हेटेड अॅल्युमिनाचा फिल्टर बसवला असेल, तर दर महिन्याला बाहेर येणाऱ्या पाण्याचं फ्लोराइड तपासा. तो भरला की पाणी पूर्वीसारखंच येतं, चवीत काही फरक पडत नाही, आणि कोणाला कळतही नाही.

तुरटी फिरवली की पाणी शुद्ध होतं का?
— एक वाचक, अंबाजोगाई

निवळतं. तुरटी मातीचे कण एकत्र करून खाली बसवते, त्यांच्याबरोबर काही जंतूही जातात, पण सगळे मरत नाहीत. निवळलेलं पाणी वरून काढून घ्या, मग क्लोरीन टाका किंवा उकळा. क्रम उलटा नको.

टीडीएस मीटरवर १८०० दिसतं. आरओ घ्यावा का? इथे जारचं पाणीही मिळतं.
— एक वाचक, दर्यापूर तालुका

तुमचा भाग खारपाणपट्ट्यातला. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यातलं भूजलच खारं आहे. मानकाप्रमाणे टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगलं, दुसरा पर्याय नसेल तर २००० ही शेवटची हद्द. धरणाच्या योजनेचं पाणी घरात येत असेल तर पिण्याला तेच वापरा. नसेल तर १८०० ला आरओ समर्थनीय आहे. ज्यांचं टीडीएस ५०० च्या आत आहे, त्यांनी आरओ घेऊ नये. घरगुती यंत्र एक लिटर देताना दोन-तीन लिटर फेकतं. ते खारं पाणी संडासाला, फरशीला वापरा, झाडांना नको.

टीडीएस मीटर फक्त एकूण क्षार मोजतो. जंतू, नायट्रेट, फ्लोराइड यांतलं काहीच तो वेगळं ओळखत नाही. मीटरवर ८० दाखवणाऱ्या जारच्या पाण्यात मैला मिसळलेला असू शकतो. आरओच्या पाण्यात क्लोरीन उरत नाही, त्यामुळे न धुतलेला जार किंवा आत बुचकळलेला हात ते पुन्हा बिघडवतो. सीलबंद जारवर आयएसआय चिन्ह आणि आयएस १४५४३ हा क्रमांक बघा. नळ बसवलेल्या थंड जारवर तो नसतो.

सोसायटीत टँकर येतो. २०२५ च्या जानेवारीत जीबीएसची (गुलेन-बारे सिंड्रोम, नसांवर परिणाम करणारा आजार) साथ आली तेव्हापासून धास्ती आहे. काय करावं?
— एक वाचक, सिंहगड रस्ता, पुणे

त्या साथीत रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला होता. तो क्लोरीनला टिकत नाही. म्हणून टँकर रिकामा होण्याआधी ओटी करायची, हा सोसायटीचा नियमच करा. रंग नसेल तर १० हजार लिटरला ५० ग्रॅम टीसीएलचं निवळलेलं द्रावण खालच्या टाकीत घाला आणि अर्ध्या तासाने पंप सुरू करा.

खालच्या टाकीचं झाकण पार्किंगच्या फरशीच्या पातळीला असेल तर पावसाचं आणि गाड्या धुतलेलं पाणी आत जातं. तोंडाभोवती वीतभर उंच कठडा बांधा, ओव्हरफ्लोच्या पाइपला जाळी लावा, आणि ड्रेनेजचं चेंबर टाकीला लागून असेल तर ते गळतं का ते तपासा. टाकी धुताना १० लिटर पाण्यात ३० ग्रॅम टीसीएल कालवून, निवळलेल्या पाण्याने भिंती पुसा, अर्ध्या तासाने धुऊन ते पाणी काढून टाका. संडास साफ करायचं अॅसिड टीसीएलजवळही आणू नका, विषारी वायू निघतो. टाकीत माणूस एकटा उतरवू नये.

नमुना कुठे आणि कसा द्यायचा?
— अनेक वाचक

जिल्ह्याला आणि उपविभागाला भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेत. क्षारांच्या तपासणीसाठी एक लिटरची स्वच्छ प्लास्टिक बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून भरा. जंतूंसाठी मात्र बाटली प्रयोगशाळेतूनच आणा. ती निर्जंतुक असते आणि तिच्यात क्लोरीन मारणारं रसायन असतं, म्हणून ती विसळायची नाही. नळाच्या तोंडावर ज्योत फिरवा, दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्या, वर थोडी हवा सोडून भरा, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावू नका. बर्फाच्या डब्यातून शक्यतो सहा तासांत, फार तर चोवीस तासांत पोचवा. अहवालात १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय शून्यच हवा.

पाण्यात जंतू असले की काळी पडणारी एच-टू-एस बाटली पहिल्या चाळणीला चांगली आहे. पण कुजक्या अंड्यासारखा वास येणाऱ्या बोअरच्या पाण्यात ती जंतूंशिवायही काळी होते, तेव्हा अशा ठिकाणी प्रयोगशाळेचाच अहवाल धरा.