नको असलेली सरदारकी

प्रश्न : ब्रिटनच्या मजूर पक्षाचे नेते टोनी बेन यांना वडिलांकडून आलेले उमरावपद सोडण्यासाठी मोठा लढा द्यावा लागला, असे वाचनात आले. जे पद नको आहे, ते सरळ नाकारता का येत नव्हते? आणि या लढ्याचा पहिला मोठा लाभ त्यांच्या विरोधकांनाच झाला, असे म्हणतात, ते कसे?

उत्तर : नाकारता येत नव्हते, कारण ब्रिटिश कायद्याच्या लेखी वंशपरंपरागत उमरावपद ही धारकाच्या मर्जीने टाकून देता येणारी मालमत्ता नव्हती, ते रक्ताला जडलेले मानले जाई. वडील वारले की त्या क्षणी मुलगा उमराव होई, त्याने कागदावर सही करो वा न करो. उमरावाला हाउस ऑफ कॉमन्समध्ये, म्हणजे लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहात बसता येत नसे.

बेन यांच्या घरी ही सरदारकी मुळातच उशिरा आली होती. त्यांचे वडील विल्यम वेजवूड बेन हे १९२९ ते १९३१ या काळात भारतमंत्री होते. लॉर्ड्सच्या, म्हणजे उमरावांच्या सभागृहात मजूर पक्षाची माणसे फार कमी होती आणि तेथील बळ वाढावे, म्हणून १९४२ मध्ये त्यांना व्हायकाउंट (उमरावांमधील एक श्रेणी) स्टॅन्सगेट करण्यात आले. पदवी स्वीकारण्यापूर्वी त्यांनी थोरला मुलगा मायकेल याला विचारले. त्याला धर्मोपदेशक व्हायचे होते, त्यामुळे त्याची हरकत नव्हती. वारस तो असल्याने धाकट्या टोनीला विचारण्याचे कारणच नव्हते. १९४४ मध्ये हवाई दलाच्या सेवेत असताना मायकेल यांचा मृत्यू झाला आणि ज्याला कोणी विचारले नव्हते, तोच वारस ठरला.

नोव्हेंबर १९५० मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, टोनी बेन ब्रिस्टल साउथ ईस्ट येथील पोटनिवडणुकीत विजयी झाले. ही जागा स्टॅफर्ड क्रिप्स यांनी आजारपणामुळे सोडलेली होती. आपल्याकडे ‘क्रिप्स योजना’ म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते, तेच हे क्रिप्स. वडील हयात असतानाच वारसा सोडण्याची कायदेशीर वाट काढण्याचा प्रयत्न बेन यांनी १९५५ मध्ये केला, पण तो फसला. १७ नोव्हेंबर १९६० रोजी वडील वारले आणि टोनी बेन यांची खासदारकी संपली.

बेन यांनी मात्र हार मानली नाही. मे १९६१ मध्ये त्याच मतदारसंघात पोटनिवडणूक झाली, तेव्हा ते अपात्र असूनही उभे राहिले. त्यांना २३,२७५ मते मिळाली, तर हुजूर पक्षाचे उमेदवार माल्कम सेंट क्लेअर यांना १०,२३१. निवडून आलेले बेन सभागृहाच्या दाराशी गेले, तेव्हा द्वारपालाने त्यांना आत सोडले नाही. त्यानंतर निवडणूक न्यायालयाने, उमेदवार अपात्र आहे हे मतदारांना ठाऊक होते असे धरून, निम्म्याहूनही कमी मते मिळवणाऱ्या सेंट क्लेअर यांना विजयी ठरवले. गंमत अशी की सेंट क्लेअर स्वतःही एका उमरावपदाचे वारस होते. बेन यांच्याच जागी उद्या आपण असू, हे त्यांना कळत असणारच. कायदा बदलला तर आपण जागा सोडू, असा शब्द त्यांनी दिला आणि पुढे तो पाळलाही.

हुजूर पक्षाच्या सरकारला अखेर कायदा करणे भाग पडले. नवी तरतूद पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीपासून लागू व्हावी, असा सरकारचा मूळ बेत होता. लॉर्ड्सने मात्र दुरुस्ती करून ती तात्काळ लागू केली. ३१ जुलै १९६३ रोजी कायद्याला राजसंमती मिळाली आणि त्याच संध्याकाळी बेन यांनी पदवीचा त्याग केला. असा त्याग करणारे ते पहिले. ऑगस्टमध्ये ते पुन्हा निवडून आले.

आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग या दुरुस्तीत दडलेला आहे. ऑक्टोबर १९६३ मध्ये पंतप्रधान हॅरल्ड मॅकमिलन यांनी आजारपणामुळे राजीनामा दिला आणि अनुभवी रॅब बटलर यांना बाजूला सारून हुजूर पक्षाने निवडले ते परराष्ट्रमंत्री लॉर्ड होम, म्हणजे चौदावे अर्ल ऑफ होम. १९ ऑक्टोबरला ते पंतप्रधान झाले, २३ ऑक्टोबरला त्यांनी पदवी सोडली आणि ७ नोव्हेंबरला स्कॉटलंडमधील पोटनिवडणूक जिंकून ते सर अॅलेक डग्लस-होम म्हणून कॉमन्समध्ये आले. मधले दोन आठवडे ब्रिटनचा पंतप्रधान संसदेच्या कोणत्याही सभागृहाचा सदस्य नव्हता. लॉर्ड्सनी ती दुरुस्ती केली नसती, तर होम यांना ही वाट मोकळी नव्हती. बेन यांनी तीन वर्षे खपून उघडलेल्या दारातून पहिला मोठा माणूस आत शिरला, तो प्रतिपक्षाचा! हुजूर पक्षाचे हे सुख मात्र फार काळ टिकले नाही, कारण वर्षभरातच मजूर पक्ष सत्तेवर आला.

त्या सरकारात बेन पोस्टमास्टर जनरल झाले. टपाल तिकिटांवरून राणीचे मुखचित्र काढावे, असे त्यांच्या मनात होते. १९६५ मध्ये राणीच्या भेटीत त्यांनी नव्या तिकिटांचे मोठे नमुने जमिनीवर पसरले आणि गुडघे टेकून एकेक तिच्या हाती दिला. मुखचित्र गेले नाही. काही तिकिटांवर कोपऱ्यात राणीची छोटी छायाकृती आली, एवढीच तडजोड झाली. पुढे ते तंत्रज्ञान, उद्योग आणि ऊर्जा खात्यांचे मंत्री झाले, पक्षातील डाव्या गटाचे अध्वर्यू झाले, आणि १९८१ मध्ये उपनेतेपदाची निवडणूक डेनिस हीली यांच्याकडून एक टक्क्याहूनही कमी फरकाने हरले. २००१ पर्यंत ते खासदार होते.

त्यागलेली पदवी मात्र नष्ट होत नाही. त्याग करणाऱ्याच्या हयातीपुरती ती निजलेली राहते. १४ मार्च २०१४ रोजी बेन वारले आणि त्यांचे थोरले पुत्र स्टीफन तिसरे व्हायकाउंट स्टॅन्सगेट झाले.