केळ नाही हो, केल!

प्रश्न: ताई, मुलाने पुण्याहून केलच्या बियांचं पाकीट आणलं. मार्चमध्ये गच्चीवर कुंडीत टाकलं, आठवड्याभरात दाट उगवलं पण रोपं दोऱ्यासारखी लांब झाली आणि एप्रिलमध्ये सगळ्यांनी माना टाकल्या. बी खराब होतं का?
– एक वाचक, भुसावळ

उत्तर: दादा, उगवलं म्हणजे बी चांगलंच होतं, चुकला तो महिना. आपल्याकडे केल म्हटलं की रावेर-यावलकडच्या माणसाला आधी केळीचा घडच दिसतो, पण ही कोबी, फुलकोबी, नवलकोल, ब्रोकोली यांची सख्खी बहीण, शास्त्राच्या हिशोबाने तर सगळे एकाच जातीचे, फक्त कोबी गड्डा धरतो आणि ही पानं मोकळी सोडते. काश्मीरमध्ये हाक नावाची जी पालेभाजी खातात ती पण याच घरातली. म्हणजे थंडीचं पीक, आणि तुम्ही तिला बसवलं भुसावळच्या उन्हात, जिथं मे महिन्यात पारा 45 ला टेकतो!

तर आता गणपती उठले की माती तयार करा, नवरात्रात पेरा. ट्रेमध्ये कोकोपीट आणि चाळलेलं शेणखत, बी जेमतेम 1 सेंमी खोल, 5 ते 8 दिवसांत कोंब दिसतात. दाट उगवलं तर विरळणी कराच, माया करत बसू नका, तुमची रोपं दोऱ्यासारखी झाली ती गर्दीत उजेडासाठी भांडून. महिनाभराने 4-5 पानं आली की हलवायचं, 12 इंची कुंडीत एकच रोप, जमिनीत दोन रोपांत दीड फूट. आपली काळी माती एकटी नको, पाणी धरते आणि सुकली की भेगाळते, निम्मं शेणखत-वाळू मिसळा. डिसेंबर-जानेवारीच्या थंड रात्री मिळाल्या की पान गोडसर होतं, कारण थंडी सोसायला झाड स्वतःत साखर वाढवतं. मी एका वर्षी आळस करून दिवाळीनंतर पेरलं होतं, संक्रांतीला रोपं वीतभर, आणि नीट पानं धरायला लागली तोवर होळी आली न् ऊन तापलं. दोन भाज्या झाल्या फक्त.

प्रश्न: पानांची चाळणी झालीये, बारीक हिरव्या अळ्या आहेत. घरी खायचंय म्हणून औषध मारायचं नाहीये.
– एक गृहिणी, पारोळा

उत्तर: हात लावला की वळवळून धाग्याला लोंबकळतात ना? मग ती कोबीवरचीच अळी, चौकोनी ठिपक्याच्या पतंगाची. रोज सकाळी पान उलटं करून वेचा. 50 ग्रॅम निंबोळी पावडर लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, गाळा, चिमूटभर साबण घाला आणि संध्याकाळी पानाच्या खालून फवारा. पुढच्या वर्षी शेजारच्या कुंडीत मोहरी लावा, कोबीवाले शेतकरी कडेला लावतात तशी, पतंग आधी तिकडे जातो.

प्रश्न: व्हिडिओ बघून सॅलड केलं, चामडं चावल्यासारखं लागलं. सासूबाई म्हणे हे बकरीला टाक. काय करू?
– एक सूनबाई, शिरपूर

उत्तर: सासूबाईंचं अगदीच चूक नाही गं! मधला जाड देठ आधी ओरबाडून काढ, खरी चिवट तर तोच असतो. सॅलडच हवं असेल तर चिरलेल्या पानांना मीठ-लिंबू लावून दोन मिनिटं हाताने चुरगाळ, नरम पडतात. पण माझं ऐकशील तर फुणके कर. तुरीची डाळ 3-4 तास भिजवून जाडसर वाट, त्यात बारीक चिरलेली केल, कांदा, लसूण-मिरचीचा ठेचा, जिरं, मीठ, मुठीने वळून 15-20 मिनिटं वाफव, वरून तेल आणि सोबत गरम कढी. मेथी घालतो तिथंच ही घालायची, सासूबाईंना सांगूच नकोस आधी. नाहीतर पोकळ्यासारखी लसणाच्या फोडणीत परत, फक्त झाकण ठेवून पाच-सात मिनिटं जास्त दे आणि शेंगदाण्याचा कूट सढळ हाताने घाल. तोडताना खालची पानं घे, शेंडा सोड, म्हणजे तेच झाड थंडीभर देत राहतं.

प्रश्न: वडील रक्त पातळ व्हायची वॉर्फरिनची गोळी घेतात, केल चालेल का?
– एक वाचक, धुळे

उत्तर: केलमध्ये व्हिटॅमिन के भरपूर असतं, त्याने या गोळीचा असर कमी होतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका, आणि खायला सांगितलं तरी एक दिवस ताटभर, मग आठवडाभर काहीच नाही, असं नको, प्रमाण सारखं ठेवा.