कोरड्यास काय करू? आठवड्याच्या स्वयंपाकाबद्दल तुमचे प्रश्न

या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे: स्वयंपाक करायला त्रास नाही, पण रोज कोरड्यास, म्हणजे भाकरीसोबतचं कालवण, काय करायचं हे ठरवण्यानेच जीव दमतो. पाच प्रश्न घेतले आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलं आहे, कारण बाकीची त्याच्याच आधाराने उभी आहेत.

मी लातूरला शिक्षिका आहे. घरात चौघं. सोमवार ते रविवार भाज्यांची यादी करून फ्रीजवर चिकटवली, ती बुधवारीच मोडली. माझं काय चुकतं?

ताई, तुम्ही भाजी ठरवलीत, म्हणून यादी मोडली. भाजी बाजाराच्या हातात असते. मेथी आणायला जावं तर ती पिवळी पडलेली आणि शेजारी कोवळी चुका-चाकवत. आपल्या हातात असते ती डाळ, कारण ती डब्यात असते. म्हणून आठवड्याची फक्त डाळ आणि कडधान्यं ठरवा. सोमवारी मटकी, मंगळवारी तुरीचं वरण, बुधवारी हुलग्याचे शेंगोळे, गुरुवारी मूग, शुक्रवारी पिठलं, शनिवारी वरणफळं. रविवार मोकळा ठेवा. सोबतचं माळवं, म्हणजे भाजीपाला, त्या दिवशी जे मिळेल ते.

यात पोषणाचा हिशेबही आपोआप बसतो. ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं आणि डाळीत ते भरपूर असतं. भाकरी आणि वरण एकमेकांची उणीव भरून काढतात. नुसत्या भाकरी-भाजीत ही उणीव तशीच राहते.

खरं नियोजन भिजत घालण्याचं आहे. सोमवारी मोडाची मटकी हवी तर थंडीत ती शनिवारी रात्री भिजली पाहिजे, रविवारी सकाळी निथळून फडक्यात बांधली पाहिजे. मे महिन्यात एवढा वेळ दिलात तर मटकी आंबेल. तेव्हा रविवारी सकाळी भिजवा, संध्याकाळी बांधा, सोमवारी पहाटे मोड आलेले असतात. आमच्या घरी ओट्याच्या कोपऱ्यात एक झाकणाचं पातेलं फक्त याच कामाला आहे. रात्री भांडी आवरताना ते रिकामं दिसलं की कुणीतरी विचारतं, ‘उद्याचं भिजलं का?’ हे काम तुम्ही तुमच्या मुलांकडे द्या. चौघांना एक मोठी वाटी कोरडं कडधान्य पुरतं, मोजायला मुलंही शिकतात.

आणि एक डबा येसरचा ठेवा. गहू, हरभऱ्याची डाळ, धने, जिरे खमंग भाजून दळलेलं हे पीठ म्हणजे आपल्या भागाची खरी तयार आमटी. शाळेतून उशीर झाला, भिजवायचं राहिलं, तर दोन-तीन चमचे पाण्यात कालवून लसणाच्या फोडणीत ओता. दहा मिनिटांत कोरड्यास तयार.

आमच्या गावाला (ता. अंबड) बाजार आठवड्यातून एकदाच. फ्रीज आहे, पण लाइट जाते. चौथ्या दिवसापासून घरात फक्त बटाटे उरतात.

बाजारातून आल्यावर पिशवी जमिनीवर उपडी करा आणि जे आधी नासेल त्याची रांग लावा. पहिले दोन दिवस पालेभाज्या. मग भेंडी, दोडका, वांगी. नंतर कोबी, दुधी. न चिरलेला लाल भोपळा तर आठवडाभर हलत नाही, आणि आपण तो उगीच विसरतो. मेथी-शेपू आणल्याबरोबर धुऊ नका. निवडा, जुडी सोडा, कोरड्या सुती फडक्यात सैल गुंडाळा. ओली पालेभाजी प्लॅस्टिकच्या पिशवीत एका रात्रीत काळी पडते.

सहाव्या-सातव्या दिवसासाठी उन्हाळ्यात घातलेले सांडगे आहेत, हरभऱ्याचा वाळवलेला पाला आहे. हे पाहुणे आल्यावर काढायचं कौतुक नाही, आठवड्याच्या शेवटाचं रेशन आहे.

लाइट गेली तर फ्रीजचं दार उघडू नका. बंद फ्रीज साधारण 4 तास थंडावा धरतो. आणि उन्हाळ्यात उरलेला भात ओट्यावर तासाभरापेक्षा जास्त ठेवू नका. शिळी भाकरी चालते, गरमीत पडून राहिलेला भात चालत नाही.

सासऱ्यांना शुगर आहे म्हणून त्यांना भाकरी, मुलांना पोळी, भाज्याही वेगळ्या. रोज दोन स्वयंपाक होतात.

भाज्या वेगळ्या करणं आजपासून बंद करा. त्यांना चालतं ते सगळ्यांना चालतं: कमी तेल, गूळ-साखर न घातलेली आमटी, भरपूर पालेभाजी. फरक ताटात करा. आधी काकडी-मुळा आणि वाटीभर उसळ, मग भाकरी.

एक गैरसमज मात्र मला फार सलतो. भाकरी कितीही खाल्ली तरी शुगर वाढत नाही, असं घरोघरी ऐकू येतं. 100 ग्रॅम ज्वारीत साधारण 70 ग्रॅम पिष्टमय पदार्थच असतात. ज्वारी चांगली आहेच, पण तीन भाकरी म्हणजे तीनच भाकरी. किती खायच्या, ते डॉक्टरांशी बोलून ठरवा.

मुलांनाही आठवड्यातून चार दिवस भाकरी द्या. ती चिवट लागते म्हणून मुलं नको म्हणत असतील तर पीठ बघा. जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, थापताना कडा चिरतात. दळण आठवड्यापुरतंच आणा. विरी गेलेलं पीठ उरलंच तर कढत पाण्यात उकड काढून मळा, किंवा गव्हाचं आणि हरभऱ्याचं पीठ मिसळून धपाटे लावा.

मुलगी सोळा वर्षांची, हिमोग्लोबिन 10. आठवडाभर काय देऊ?

आधी डॉक्टर. या वयात 12 च्या खाली म्हणजे रक्तक्षय, तो नुसत्या जेवणाने लवकर भरून निघत नाही. शाळेत दर आठवड्याला मिळणारी निळी गोळी ती खरंच घेते का, हे रागे न भरता विचारा. बऱ्याच मुली मळमळतं म्हणून टाकून देतात. जेवणानंतर घेतली की त्रास कमी होतो.

जेवणात हळिवाचा लाडू, हुलगे, मटकी, पालेभाज्या फिरत्या ठेवा आणि प्रत्येक वेळी वर लिंबू पिळा, किंवा हंगामात आवळा द्या. ‘क’ जीवनसत्त्वाशिवाय धान्या-भाज्यांतलं लोह अंगी फार कमी लागतं. जेवणाला लागून चहा पूर्ण बंद, निदान तासाभराचं अंतर. परभणीच्या कृषी विद्यापीठाने 2018 साली इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेबरोबर आणलेलं ‘परभणी शक्ती’ हे ज्वारीचं वाण लोह आणि जस्त वाढवलेलं आहे. शेत असेल तर घरच्या खाण्यापुरतं जरूर पेरा.

नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं. तुमच्या या नियोजनाला पाणी कुठून आणू?

प्रश्न रास्त आहे. पालेभाजी फक्त नळ येईल त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी करा, कारण ती तीन पाण्यांतून काढावीच लागते, तिथे काटकसर नको. मधल्या दिवसांत सालं काढायच्या भाज्या, आणि एका भांड्यात होणारं: वरणफळं, मुगाची खिचडी, पिठलं. मूग-मटकी भिजवायच्या आधी नीट धुऊन घ्या म्हणजे भिजवलेलं पाणी फेकावं लागत नाही, ते कणीक मळायला किंवा आमटीला चालतं. हुलगे भिजवण्यापेक्षा दळून ठेवा, शेंगोळ्यांना पीठच लागतं.