फोटोंच्या फाइली माऊसने हलवाव्यात की टर्मिनलवरून?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : डिचोलीला फोटो स्टुडिओ आहे, संगणकावर लिनक्स मिंट आहे, दोन कॅमेऱ्यांतून लग्नं, मुंजी, जत्रांचे फोटो येतात. भाचा म्हणतो, माऊसने फाइली ओढणं सोडा, टर्मिनल (आज्ञा टंकून काम करवून घ्यायची खिडकी) शिका. मग शिकावं का, आणि त्यासाठी क्लास लावावा का?

भाच्याचं अर्धं बरोबर आहे. मी फोंड्याला छापखान्यात स्मरणिका आणि पत्रिका जुळवतो. दिवसभर फोटोग्राफरांच्या पेन ड्राइव्हशीच गाठ, त्यामुळे फाइल मॅनेजर आणि टर्मिनल दोन्ही माझ्यापुढे उघडेच असतात. कुठलं कधी, हे ठरवायला मी काम तोंडी सांगून बघतो. ‘या फोल्डरातल्या सगळ्या रॉ (कॅमेऱ्याच्या कच्च्या, मूळ) फाइली वेगळ्या काढ’ हे एका वाक्यात संपतं, एकही फाइल उघडून बघावी लागत नाही. ते टर्मिनलचं काम. ‘नवरीने डोळे मिटलेत ते फोटो बाजूला काढ’ याला माणूसच बसावा लागतो. तिथे थंबनेल मोठे करायचे, कंट्रोल दाबून एकेक टिपायचा आणि ओढून टाकायचा. टर्मिनलमध्ये नुसती नावं दिसतात, नवरी दिसत नाही.

तुमच्या धंद्यात धोका आहे तो एकसारख्या नावांचा. दोन्ही कॅमेरे एकाच कंपनीचे असतील तर दोन्हींत, समजा, डीएससी_०००१ पासून मोजणी. शिगम्याच्या मिरवणुकीची दोन्ही कार्डं एकाच फोल्डरात ओतलीत तर फाइल मॅनेजर अडतो, ‘या नावाची फाइल आहे, बदलू का?’ म्हणून विचारतो. टर्मिनलवर नुसतं ‘सीपी’ (cp, प्रत काढायची आज्ञा) किंवा ‘एमव्ही’ (mv, हलवायची आज्ञा) दिलंत तर सहसा चकार शब्द न काढता जुन्या फाइलीवर नवी बसते. रोमटामेळाचे (ढोलताशांसह नाचत जाणाऱ्या पथकाचे) फोटो गेले, चित्ररथांचे राहिले, आणि पत्ता लागतो तो अल्बम लावताना. म्हणून दोन्ही आज्ञांना ‘-आय’ (-i) जोडायची सवय लावा, म्हणजे तेही विचारतात. त्याहून बरं म्हणजे प्रत्येक कार्डाला आधी स्वतंत्र फोल्डर. आणि ‘आरएम’ (rm) या पुसायच्या आज्ञेपासून सध्या लांबच राहा. त्याने पुसलेलं कचरापेटीत जात नाही. पुसायचं काम बिनधास्त माऊसने करा, भाचा हसला तरी हसू दे.

टर्मिनल खरं उपयोगी पडतं ते बॅकअपला. आपल्याकडे पावसाळ्यात लाईट कधी जाईल याचा नेम नाही. बाहेरच्या डिस्कवर मोठा फोल्डर ओढून टाकलाय आणि मध्येच वीज गेली, तर कुठवर कॉपी झालं हे शोधत बसावं लागतं. शिवाय तुटलेल्या जागी एखादी अर्धवट फाइल खऱ्या नावाने पडून राहू शकते. १९९६ साली आलेली ‘आरसिंक’ (rsync) ही कॉपीची आज्ञा इथे कामाला येते. ‘-ए’ (-a) लावून चालवलंत की ते दोन्हीकडच्या फाइलींचा आकार आणि बदलाची वेळ ताडून बघतं आणि राहिलेलं तेवढंच नेतं. कॉपी चालू असताना फाइलीला तात्पुरतं नाव असतं, पूर्ण झाल्यावरच खरं मिळतं. वीज आली की तीच आज्ञा परत द्यायची. आधी ‘-एन’ (-n) आणि सोबत ‘-व्ही’ (-v) लावून चालवा, मग प्रत्यक्ष काही न हलवता काय काय नेणार तेवढं सांगतं. (हेच ‘-एन’ ‘एमव्ही’ला लावलं तर अर्थ वेगळाच : जुन्या फाइलीला हात लावू नकोस. ही असली गंमत टर्मिनलवर जागोजाग आहे.) आरसिंकमध्ये मूळ फोल्डराच्या नावाच्या शेवटी तिरकी रेघ (/) दिली तर फक्त आतल्या फाइली जातात, नाही दिली तर फोल्डरासकट. आरसिंकचा ‘डिलीट’ (--delete) हा पर्याय मात्र इतक्यात वापरू नका. मूळ जागी नसलेलं तो बॅकअपमधूनही उडवतो.

नावं बदलायला टर्मिनलच हवं असं नाही. थुनार या फाइल मॅनेजरात घाऊक नामांतराची सोय आहे, तिथे जुनं आणि नवं नाव शेजारीशेजारी दिसतं. पटलं तरच बटण दाबायचं. फोटो काढल्याच्या तारखेवेळेवरून नावं द्यायची असतील तर ‘एक्झिफटूल’ (फोटोत नोंदलेली माहिती वाचणारा प्रोग्राम) घ्या, पण त्याआधी दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं जुळवून ठेवा, नाहीतर वरात आधी निघेल आणि अंतरपाट मागून धरला जाईल.

क्लास नको. ‘एलएस’ (ls, फाइलींची यादी बघायला), ‘सीडी’ (cd, फोल्डर बदलायला), ‘सीपी’, ‘एमव्ही’ आणि ‘आरसिंक’ एवढ्यावर स्टुडिओचं भागतं. सरावाला जुन्या फोटोंची वेगळी प्रत काढून घ्या. फोल्डरांच्या नावात मोकळी जागा ठेवू नका, ‘लग्न पणजी’ असं नाव टर्मिनल दोन वेगळे शब्द धरतं आणि दर वेळी अवतरणचिन्हं घालत बसावं लागतं. नावाची पहिली दोनतीन अक्षरं टंकून टॅब दाबलं की, त्या अक्षरांचं दुसरं नाव नसेल तर, बाकीचं नाव आपोआप भरतं, हे भाच्याने सांगितलं नसेल तर त्याला विचारा.